दहा वार, चार डाव

आधीच सांगून टाकते. मी त्रेचाळीस वर्षांची बाई आहे, वाळूजच्या एका कंपनीत पार्ट तपासते, बजाजनगरात दोन खोल्यांत राहते, आणि पहिली पाळी सुटली की चारच्या सुमाराला घरी येऊन चहा घेत टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलचा गेम खेळते. ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्यावं. शेजारच्या काकू हसून झाल्या, माझ्या लाइनवरच्या बाया हसून झाल्या, नवरा तर अजून हसतोय. मला काय फरक पडत नाय.

गेम माझ्या धाकट्या भावाचा. त्याला पुण्यात नोकरी लागली, तिथं चौघांत एक खोली, म्हणून जाताना तो त्याचं मशीन, दोन रिमोट आणि ही एकच चकती माझ्याकडं ठेवून गेला. "ताई, याला हात लावू नको हं," म्हणाला. आता मला कुणी हात लावू नको म्हटलं की माझा हात गप राहतो व्हय? पहिल्याच रविवारी मी वायरी जोडल्या. फुटबॉल म्हणून लावला आणि बघते तर काय, पायाचा पत्ताच नाय! शिरस्त्राणं घातलेले धिप्पाड गडी एकमेकांवर धडकतायत, चेंडू लांबट, आंब्याच्या कोयीसारखा, आणि तो हातात धरून पळायचा. मी तिथल्या तिथं भावाला फोन लावला.

"अरे, हा कसला फुटबॉल? ही तर कबड्डी आहे, हातात चेंडू घेऊन खेळलेली!"

"ताई, हात लावू नको म्हटलं होतं ना," तो वैतागला. पण खेळाचा शौक त्यालाही होता, म्हणून वैतागतच नियम सांगायला लागला. तो रस्त्यावर होता, मागं गाड्यांचे हॉर्न. मला ऐकू आलं ते असं: चार डाव मिळतात, चार डावांत दहा यार्ड पुढं जायचं. गेलं तर पुन्हा चार डाव, नाय गेलं तर चेंडू समोरच्याला.

यार्ड म्हणजे काय ते मला चांगलं माहीत होतं. लहानपणी आईबरोबर गुलमंडीवर कापड घ्यायला यायचो तेव्हा दुकानदार गजानं मोजायचा आणि म्हणायचा, वार म्हणा नाहीतर यार्ड म्हणा, बात एकच. आई लुगडं नेसायची, नऊ वार. म्हणजे या खेळात एक लुगडं उलगडून वर आणखी एक वार जायचं, चार डावांत. झालं! लोक म्हणतात हा खेळ समजायला अवघड. मला फोन ठेवायच्या आत समजला.

दोन महिन्यांनी कळलं की तो शब्द डाव नाहीच, डाऊन आहे. डाऊन म्हणजे खाली. गडी खाली पडला की एक मोजायचा. भाऊ फोनवर खो खो हसला, "ताई, तू इतके दिवस डाव म्हणत होतीस?" मी म्हटलं, "आणि पुढंही डावच म्हणणार. पडल्याचं काय मोजायचं? अजून किती खेळायचंय ते मोजायचं." तो म्हणाला, तू सुधारणार नाहीस. बरोबर आहे त्याचं.

आता गेम चांगला की वाईट, हे मी सांगणार, आणि माझ्या पद्धतीनं सांगणार. बारा वर्षं मी पार्ट हातात घेऊन मापाचं गेज लावते. बसला तर ओके, नाय बसला तर लाल टॅग. "लई भारी" हा आमच्याकडं शेरा नसतो. काय भारी, कुठं भारी, ते दाखवावं लागतं.

ओके काय ते पहिलं. प्रत्येक डावाच्या आधी हा खेळ थांबतो. कबड्डीत असं कधी मिळालं नाय. तिथं विचार करायला दमाइतकीच उसंत. इथं थांबायचं, समोरचे कसे उभे राहिलेत ते बघायचं, कोणता डाव टाकायचा ते निवडायचं. घरात, कंपनीत, कुठंच मला कुणी असं थांबून विचारत नाही की बाई, पुढं काय करूया? हा गेम दर मिनिटाला विचारतो. दुसरं, धडक खरी वाटते. दोन गडी भिडले की हातातला रिमोट थरथरतो आणि ती थरथर मनगटापर्यंत येते. पाऊस पडला की कपडे चिखलानं भरतात, दमलेला गडी खरंच मागं पडतो, त्याला बसवून दुसरा आणावा लागतो. आणि तिसरं, जे मला सगळ्यात आवडलं: पुढच्या रांगेत पाच जाडेजाडे गडी असतात. ते बहुतेक चेंडूला हातसुद्धा लावत नाहीत. नुसते अडवतात. टाळ्या मागच्या पळणाऱ्याला. पण ते पाच हलले की खेळ संपला. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाय.

आता लाल टॅग. एक तर मॅचभर बोलणारे दोघं, कॉमेंट्रीवाले. मला इंग्रजी धड येत नाही, तरी त्यांची वाक्यं मला पाठ झालीत, एवढी ती तीच ती. गेम उघडला की खेळायच्या आधी दुकान उघडतं. हे घ्या, ते घ्या, हा भारी गडी विकत घ्या. अरे, मी खेळायला आले की बाजाराला? गर्दीतले प्रेक्षक बघा, एकच माणूस अकरा खुर्च्यांवर बसलाय. माझं सगळ्यात मोठं दुखणं तर पकडीचं. मागून झडप घालून घोटा धरला तर कित्येकदा हात पायातून आरपार जातो, जसा काही तो पाय हवेचा. मी आयुष्यात एवढे घोटे धरलेत, मला कुणी पकड शिकवू नये!

आणि बाई नाही. आपला स्वतःचा गडी बनवायची सोय आहे, म्हणून मी हौसेनं बसले. दाढीचे प्रकार बघून बघून थकले. आखूड, लांब, दुभागलेली, तांबूस. दंडावरचं गोंदण हवं तसं. पण बाई एक नाही. एवढं मोठं दुकान मांडलंत आणि एक बाई बनवता येईना तुम्हाला? शेवटी मी एक बुटका, बिनदाढीचा गडी केला, त्याला उजव्या कोपऱ्यात उभं केलं आणि मनात म्हटलं, तूच मी.

पण या सगळ्याच्या वरचा दोष दुसराच. समोर मशीन असतं. मशीनला भीती वाटत नाय. त्याची नजर चुकत नाय, ते दम खात नाय, ते चिडत नाय. एकाच डावाला दहा वेळा फसतं आणि अकराव्यांदा, काहीही कारण नसताना, देव अंगात आल्यागत सगळं ओळखतं. ते मला हरवतं, पण फसवत नाही. फसवायला माणूस लागतो. भाऊ पुण्यात, नवरा रिमोट उलटा धरतो, मुलगी लातूरला शिकायला. मला माणसाशी खेळायचं होतं. मनापासून, जीव तोडून, एकदा तरी.

का, ते सांगते. मी सिल्लोडकडच्या खेड्यातली. शाळेपासून कबड्डी खेळले, उजव्या कोपऱ्यात. चढाई करणारी आत आली की तिचा घोटा धरायचा, बाकीच्यांनी तोवर साखळी करून तिच्यावर पडायचं. एकोणिसाव्या वर्षी आमचा तालुक्याचा संघ जिल्ह्याच्या फायनलला गेला. मॅच तेव्हाच्या औरंगाबादला, सकाळी दहाला. आदल्या संध्याकाळी मामा स्थळ घेऊन आला. मुलाकडचे सकाळी येतायत. मी वडलांना म्हटलं, माझी मॅच आहे. वडील म्हणाले, "मॅच काय, पुढच्या वर्षी बी हाय." दहा वाजता मी साडी नेसून पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले. माझ्या जागी नववीतली एक पोरगी उभी केली होती. आम्ही हरलो. पुढच्या वर्षी मी बजाजनगरात होते आणि पोटुशी होते.

ज्याला पोहे दिले तोच माझा नवरा. माणूस वाईट नाही, हे आधी सांगते. पण ही गोष्ट मी त्याला कधी सांगितली नव्हती. राग होता की लाज होती, मला सांगता येणार नाय.

तर यंदा उन्हाळ्यात भावानं फोनवर एक जाहिरात पाठवली. सिडकोतल्या एका गेमिंग कॅफेत याच गेमची स्पर्धा. खाली त्यानं चेष्टेनं लिहिलं होतं, "ताई, घे, तुझ्यासारखे आणखी पंधरा येडे शहरात आहेत." मी आडनाव आणि पुढं एक अक्षर, एवढं लिहून नाव नोंदवलं.

नवऱ्याला सांगितलं तर त्यानं कपाळाला हात लावला. "अगं, तिथं पोरं असतील सगळी. लोक काय म्हणतील?"

"लोक आत्ता काय कमी म्हणतायत?"

"तुला काय सिद्ध करायचंय एवढं?"

"काय नाय. मला खेळायचंय."

"घरी खेळतेसच की रोज."

"घरी मी डब्याशी खेळते. मला माणसाशी खेळायचंय. तुम्ही सोडताय की मी रिक्षानं जाऊ?"

त्यानं सोडलं. खाली गाडीवर बसून राहीन म्हणाला, वर येणार नाही म्हणाला. मी म्हटलं, नका येऊ.

वर गेले तर दारातच कॅफेचा मालक. भला माणूस, पण बघताक्षणी म्हणाला, "आंटी, गार्जियन लोगां उधर बैठो, कुर्सियां रखे हैं." मी माझं आडनाव सांगितलं. त्यानं यादी बघितली, मला बघितलं, परत यादी बघितली. "आप खेलते?" मी म्हटलं, "हौ, मीच खेलती." मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. हसू दे.

माझ्यासमोर आला तो तिशीचा गडी, टोपी उलटी घातलेली, बँकेत कामाला आहे म्हणाला. त्याच्याबरोबर चार मित्र. "काकू, आरामात खेळू," म्हणाला, जसं काही मला रस्ता ओलांडून देतोय. माझं डोकं तिथंच फिरलं. मी इथंही आधी माझा बुटका, बिनदाढीचा गडी बनवून उजव्या कोपऱ्यात उभा केला.

पहिल्या अर्ध्यात त्यानं मला धुतलं. चौदा शून्य. खोटं कशाला बोलू, माझी बोटं गारठली होती. समोर मशीन असताना मी कधी घाबरले नव्हते, आणि इथं त्याच्या नुसत्या श्वासानं मला कळायचं की आता हा काहीतरी करणार, पण काय ते कळायचं नाही. मग हळूहळू दिसायला लागलं. फेकायचं ठरवलं की तो खुर्चीत जरा पुढं सरकायचा. पळवायचा असला की मागं रेलायचा. घ्या! शरीर खोटं बोलत नाय, हे कबड्डीत पहिल्या वर्षी शिकवतात. मी पडदा कमी आणि त्याचे खांदे जास्त बघायला लागले. एक चेंडू मधेच झेलला. दुसऱ्या अर्ध्यात चौदा चौदा झाले.

मी घरच्यासारखं मोठ्यानं मोजत होते. माझ्या लक्षातही नव्हतं. "तिसरा डाव. लुगडं झालं, एक वार राहिला." त्याचे मित्र पोट धरून हसले, काय काकू, लुगडं काय? मी न बघताच सांगितलं, नऊ वार ते लुगडं, दहाव्याला नवे डाव. थोड्या वेळानं त्यांच्यातलाच एक पुटपुटला, "भाऊ, सांभाळ, लुगडं झालंय," आणि सगळे पुन्हा हसले, पण या खेपेला हसणं त्याच्यावर होतं. मी चेंडू दांड्यांमधून लाथाडला आणि तीन गुण घेतले. सतरा चौदा. दीड मिनिट उरलं होतं आणि चेंडू त्याच्याकडं होता.

तेव्हा त्यानं रिमोट टेबलावर टाकला.

"बटन अडकतंय याचं. आधीपासून अडकतंय. मी नाही खेळत." आणि उठला. मित्र म्हणत होते, अरे आंटीनं पाणी पाजलं रे, पळतोय बघ. त्याचे कान लाल झाले होते.

मालक घड्याळाकडं बघत आला. अजून बरेच सामने व्हायचे होते. "आंटी, वो छोड दिया. तुम जीत गए. आगे के राउंड में जाव." माझं नाव तो पुढच्या रकान्यात लिहायलाही लागला.

मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला.  दीड मिनिट बाकी आहे, मी उभी आहे, आणि पुन्हा कुणीतरी तिसराच ठरवतोय की माझी मॅच संपली!

"लिहू नका," मी म्हटलं. "थांबा."

त्याचा रिमोट उचलला. माझं रोजचंच काम. एकेक बटन पाच पाच वेळा दाबलं, अंगठ्यांखालच्या दोन्ही काड्या चारी बाजूंनी फिरवल्या, कानाशी धरून आवाज ऐकला.  "ओके आहे," मी म्हटलं. "काही दोष नाही याच्यात. तरी तुझं समाधान नसेल तर माझा घे, मी याच्यावर खेळते. पण बस खाली."

"काकू, तुम्ही जिंकलात ना? मग जाऊ द्या ना विषय."

"मी जिंकले नाही. खेळ संपला नाही तर जिंकेन कशी? चोवीस वर्षांपूर्वी माझी एक मॅच अशीच राहिली. ही राहू देणार नाय. बस म्हटलं ना!"

शेवटचं जरा जास्तच जोरात निघालं. आवाज फाटला माझा, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळ्यांनी बघितलं. बघू दे. त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली, माझा रिमोट घेतला आणि बसला. काकू, आरामात, असं आता तो म्हणाला नाही.

आणि मग तो असा खेळला की काय सांगू! सरसर सरसर पुढं. मी एकाला धरावं तर दुसरा मोकळा. खांदे बघावेत तर खांदे गप्प. पठ्ठ्याला कळलं होतं मी काय बघते ते. माझ्या शेवटच्या रेषेपाशी येऊन चौथा डाव. चार सेकंद. वारभर जाऊन रेषा ओलांडली की सहा गुण. मागून मित्र ओरडले, "चौथा डाव! चौथा डाव!" डाऊन म्हणालं नाही कुणी.

तो खुर्चीत मागं रेलला. पळवणार! मी सगळे गडी मधे आणले, भिंत केली. चेंडू उठला, त्याचा गडी मधे घुसला, मी सगळ्यांनिशी त्याच्यावर पडले. आणि त्याच्या हातात चेंडूच नव्हता. चेंडू हवेत होता, उजव्या कोपऱ्याकडं, जिथून मी माझा बुटका गडी नुकताच हलवला होता. तिथं त्याचा माणूस एकटा उभा. त्यानं तो अलगद झेलला.

वीस सतरा. संपलं. शिट्टी वाजली.

"फसवलंस!" मी ओरडले. "मुद्दाम मागं रेललास! अरे, काय फसवलंस मला!" आणि मी हसत होते, टाळ्या वाजवत होते, वेड लागल्यागत.  तोही हसायला लागला. म्हणाला, "काकू, आयती जिंकत होतात, कशाला बोलावलं मला?" मी म्हटलं, "ह्याच्यासाठी." त्याला कळलं की नाही कोण जाणे. जाताना त्यानं वाकून पाया पडायचा घाट घातला, मी म्हटलं, सरळ हो, खेळाडू खेळाडूला हात देतो. त्यानं हात दिला.

खाली नवरा गाडीवर बसून शेंगा खात होता. "झालं? नंबर आला?"

"नाय. हरले."

"मग एवढी खूष कशी?"

मी सगळं सांगितलं. तो रिमोट टाकून उठला ते, मालक लिहायला लागला ते, मी परत बसवला ते. नवऱ्यानं शेंगांची पुडी बाजूला ठेवली. "अगं, तू येडी का काय? जिंकलेली मॅच परत खेळायला लावलीस?"

मग मी सांगितलं. तिथंच, पार्किंगमध्ये, लोक गाड्या काढत होते तेव्हा. "तुम्ही मला बघायला आलात ना, त्या दिवशी सकाळी दहाला माझी फायनल होती. कबड्डीची. जिल्ह्याची. मी गेले नाही. पोहे केले."

त्यानं किल्ली लावलेली तशीच ठेवली.  मला वाटलं, आता म्हणेल, जुनं कशाला उकरतेस. मी भांडायला तयार होते, चोवीस वर्षं तयार होते.

"मला कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला. "सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी आलो असतो की. आम्हाला कुठं घाई होती?"

एवढंच! चोवीस वर्षं मी त्या सकाळवर दात खात आले, आणि उत्तर होतं, दुसऱ्या दिवशी आलो असतो की. रडायला आलं ते मॅच हरल्याचं नव्हतं. मामानं विचारलं नाही, वडलांनी विचारलं नाही, हे मला पाठ होतं. पण कोपऱ्यात उभी राहून भल्याभल्यांना खाली आणणारी मी, मीसुद्धा मामाला एकदा म्हटलं नव्हतं की त्यांना उद्या बोलवा.

आता म्हणते. कंपनीत म्हणते, घरात म्हणते, कुणी माझ्यासाठी काहीही ठरवून दारात उभं राहिलं की तोंडावर म्हणते: उद्या या, आज माझा खेळ आहे.